चौथा पाय

१

सकाळी आधी शेड झाडायची, मग कॉफी, मग घासायला बसायचं. लास्मिनीचा हा क्रम लग्न झाल्यापासून मोडला नव्हता. जेपारा या सुतारांच्या गावातल्या त्या गल्लीत प्रत्येक घरामागे अशी एक कौलारू शेड होती. शेडीत पुरुष कापायचे, कोरायचे आणि बायका घासायच्या. लास्मिनीचा नवरा मुस्तार खुर्च्या करायचा आणि ती घासायची. त्याच्या हातून सुटलेला प्रत्येक खडबडीतपणा तिच्या पॉलिशपेपरखालून जायचा. खुर्चीवर बसणाऱ्याला वाटायचं, काय हात आहे कारागिराचा! कारागीर मिशीतल्या मिशीत हसायचा आणि कारागिराची बायको धुळीनं शिंकत बसायची.

मुस्तार गेला. हत्यारं भिंतीवर टांगलेली राहिली. दीर पार्मिन अधूनमधून यायचा, कॉफी प्यायचा आणि त्या हत्यारांकडे असा बघायचा, जसे शेजाऱ्याच्या झाडावरचे आंबे पिकलेत का बघतात. लास्मिनी इतरांनी आणून दिलेल्या खुर्च्या घासून पोट भरायची आणि करवतीला हात लावायची नाही. लावायचं कारणच नव्हतं. पण त्या सकाळी तिने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि करवत भिंतीवरून काढली. नेमका पार्मिन दारात.

"वहिनी, करवत घेऊन कुठं निघालात?"

"लढाईवर."

"चेष्टा करू नका. बाईमाणसाचा हात लागला की धार जाते."

"मग मी तीस वर्षं ही पुसून तेल लावून ठेवत होते, तेव्हा कशी नाही गेली?"

पार्मिनने विषय बदलला. ते त्याला छान जमायचं. "करताय काय एवढं?"

"टेबल. लहानसं. एका खणाचं. निंग्रुमच्या बाळाचे कपडे ठेवायला."

पार्मिनचा चेहरा पडला. त्याने आवाज खाली आणला, कारण लास्मिनीची लेक निंग्रुम आत स्वयंपाकघरात होती. "अहो, पोरगी पोटुशी आहे. पोटुशी बाई असलेल्या घरात खिळा ठोकू नये, एवढं तरी पाळा."

"खिळा कोण ठोकतंय? सगळं खाचेत बसवणार. बांबूच्या खुंट्या."

"खुंटी म्हणजे ठोकणंच की!"

"हळू ठोकीन. तुमच्या कानापर्यंत येणार नाही."

पार्मिन मान हलवत गेला. मनाने तो वाईट नव्हता, पण टेबलाचा हा हट्ट कशापायी ते त्याला कळत नव्हतं, आणि लास्मिनी त्याला सांगणार नव्हती. निंग्रुमचं पोट याआधी दोनदा भरलं होतं आणि दोनदा, दिवस भरत आले असताना, रिकामं झालं होतं. दोन्ही वेळा टोपडी, दुपटी, पायमोजे आधीच आणून ठेवलेले. मग ते शेजारीपाजारी वाटून टाकले. समोरच्या घरातलं पोर पिवळं टोपडं घालून सहा महिने निंग्रुमच्या डोळ्यांसमोर रांगत होतं. या तिसऱ्या खेपेला निंग्रुमने घरात एक सेफ्टी पिनसुद्धा आणू दिली नव्हती. "आणलं की जातं, आई," एवढंच म्हणायची. जावई जहाजावर, त्याचा फोन आला तरी बाळाचा विषय काढायची नाही.

लास्मिनीला या सगळ्याचा संताप यायचा. कुणाचा, ते सांगता यायचं नाही. नशिबाचा म्हणा. मग तिने ठरवलं, आता असं काहीतरी करायचं की उचलून वाटता येणार नाही. सागाचं करायचं आणि अंगणाकडे तोंड करून ठेवायचं. बघू दे ज्याला बघायचंय त्याला. या घरात बाळ यायचं आहे आणि त्याची जागा तयार आहे.

२

शेडीच्या कोपऱ्यात सागाचा एक जुना खांब टेकून उभा होता. मुस्तारने तो कुठल्याशा पाडलेल्या घरातून आणला होता. "चांगल्या कामाला ठेवलाय," म्हणायचा. आयुष्यभर चांगलं काम काही आलं नाही. खांबाच्या एका टोकावर त्याने कोळशाने फुली मारली होती. ते मुळाकडचं टोक.

झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं करायचं, हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुळाकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. मग तो घराचा खांब असो, पलंगाचा खूर असो, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्याचा दांडा. उलटं लाकूड लावलं तर काय होतं, हे मुस्तारच्या बापाला एकदा लास्मिनीने विचारलं होतं. म्हातारा म्हणाला, "लावायचंच नाही, तर विचारायचं कशाला?"

तिने खांब चिरला. हात दुखून आले, पण चिरला. त्यातून चार सरळ पाय निघाले आणि प्रत्येकाच्या मुळाकडच्या टोकावर तिने आठवणीने कोळशाची फुली केली. मुस्तार असता तर त्याने नुसती भुवई उडवली असती. त्याची शाबासकी तेवढीच असायची.

दुपारी निंग्रुम शेडीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. नववा लागला होता, पाय सुजले होते. तिच्याशी बोलत बोलत लास्मिनीने पॉलिशपेपर घेतला. माय-लेकी बोलत होत्या जावयाबद्दल, महाग झालेल्या मिरच्यांबद्दल, समोरच्या घरातल्या भांडणाबद्दल. बोलता बोलता हात चालत होते. एक पाय झाला, दुसरा झाला, तिसरा, चौथा. चारी अंगं आणि दोन्ही टोकं. तीस वर्षांची सवय, हात काही विचारून काम करत नाहीत.

"आई, ते काळं काय होतं गं टोकाला? छान पुसलंस."

लास्मिनीने हातातल्या पायाकडे पाहिलं. पांढराशुभ्र नसला तरी मधासारखा स्वच्छ. इतर तिन्ही तसेच. फुल्यांचा मागमूस नव्हता.

"अगं बाई!" ती म्हणाली आणि कपाळावर हात मारून घेतला. कपाळ भुशानं माखलं. निंग्रुमला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

३

त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्यालाही उपाय होता. लाकूड बरोबर मध्ये दोऱ्याने बांधून टांगायचं. मुळाकडचं टोक जड, ते झुकतं.

तिने आढ्याला दोरा बांधला. पहिला पाय टांगला, थोडं हेलकावून एक टोक झुकलं. खूण केली. दुसरा झुकला. तिसराही झुकला. चौथा टांगला आणि तो सरळ राहिला.

हेलकावला नाही की फिरला नाही. पाण्याच्या पातळीसारखा आडवा. लास्मिनीने बोटाने एक टोक खाली दाबलं, सोडलं. ते वर आलं आणि पुन्हा आडवं थांबलं. तिने दोरा बदलला, मध्य पुन्हा मोजला, खिडकी लावून घेतली. काही फरक नाही. एकाच खांबातून चिरलेले चार पाय, आणि याला तेवढा बुडखा नाही की शेंडा नाही.

"राहा टांगून," तिने त्याला सांगितलं आणि ती जेवायला गेली.

परत आली तेव्हा दाराकडचं टोक झुकलेलं होतं. चला, वारं पडलं असेल, दोरा बसला असेल. तिने त्या टोकावर फुली मारली आणि बाकीच्या तिन्ही पायांच्या खाचा पाडायला बसली. पटाशी हातात बसायला लागली होती. मजा यायला लागली होती, खरं सांगायचं तर. संध्याकाळी हत्यारं टांगताना तिने सहज वर पाहिलं.

फुलीचं टोक वर होतं. दुसरं झुकलं होतं.

घरात निंग्रुम आणि ती, दोघीच. निंग्रुम दुपारभर आत झोपलेली. मांजर असतं तर दोरा हलला असता, पाय उलटा झाला नसता. लास्मिनी बराच वेळ त्या तुकड्याखाली उभी राहिली. लाकूड म्हणजे मेलेली गोष्ट, तिने मनाशी घोकलं. त्यातलं वजन पाण्यासारखं इकडून तिकडे वाहत नाही. तिने तो पाय उतरवून हलवून पाहिला, नारळ हलवतात तसा. आत काही वाजलं नाही. नुसता हाताला ऊबदार लागला. दिवसभर कौलं तापली होती, त्यामुळे असेल. तिने तो पुन्हा टांगून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पार्मिन आला तेव्हा तिने मुद्दाम दुसरीकडे बघत विचारलं, "भावोजी, एखादं लाकूड दोन्हीकडे सारखं असतं का हो? म्हणजे झुकतच नाही असं?"

पार्मिनचा पेला ओठांपाशीच थांबला. "का?"

"सहज."

"असलं लाकूड मिळालं तर दादा ते चुलीत घालायचा."

"सागाचा तुकडा चुलीत?"

"चुलीत. आणि वर हात धुवायचा." मग त्याला वाटलं असावं, आता डाव आपल्याकडे आलाय. तो खुशीत आला. "म्हणून म्हणतो वहिनी, करवत भिंतीवर ठेवा. मी माझ्या पोराकडून टेबल करून देतो. बाईच्या हाताला लाकूड जुमानत नाही, त्यात तुमचा काय दोष?"

तो हे बोलला नसता तर लास्मिनीने तो तुकडा खरंच चुलीत घातला असता. अगदी मनात आलं होतं तिच्या. पण आता ते शक्य नव्हतं. पार्मिन गेल्याबरोबर तिने पाय उतरवला, त्या घटकेला जे टोक झुकलं होतं ते खाली धरलं, वरच्या टोकाला खाचा पाडल्या आणि चौकटीला पुढच्या उजव्या बाजूला बसवून बांबूच्या खुंट्या मारल्या. सरस नंतर लावू, आधी सगळं जुळतंय का ते बघू.

"जुमानत नाही म्हणे," ती त्याला म्हणाली. "बघते कसा जुमानत नाहीस."

टेबल चार पायांवर उभं राहिलं. कुठे डुगडुगणं नाही, काही नाही.

४

त्याच आठवड्यात तपासणीचा दिवस होता. दवाखान्यातल्या नर्स एंडांगबाई मोठ्या हसतमुख. निंग्रुमच्या दोन्ही वेळचं सगळं त्यांना माहीत होतं, म्हणून तिच्याशी बोलताना त्या जरा जास्तच हसायच्या. पोटावर हात फिरवता फिरवता त्यांचं हसू थांबलं. पुन्हा हात फिरवला.

"गेल्या खेपेला डोकं खाली होतं ना?"

"हो," निंग्रुम म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात, शहाणं बाळ आहे."

"आता वर आलंय. पाय खाली." त्यांनी निंग्रुमचा हात हातात घेतला. "हे बघ, घाबरायचं नाही. अजून वेळ आहे, फिरेल. नाहीच फिरलं तर पायाळू म्हणून जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करतात, रोज होतात तिथे. तू फक्त हालचालीवर लक्ष ठेव. कमी वाटली, थांबली, तर रात्र-दिवस न बघता यायचं. कळलं?"

"कधी फिरलं असेल?" लास्मिनीने विचारलं.

"ते कसं सांगणार? या आठवड्यातच."

घरी येताना निंग्रुम रिक्षातून बाहेर बघत होती आणि तिचा एक हात पोटाखाली होता, पडणारी वस्तू धरावी तसा. लास्मिनीच्या डोळ्यांसमोर टेबलाचा पुढचा उजवा पाय येत होता. कमाल आहे, ती स्वतःवरच चिडली. सागाच्या ढलपीचा आणि पोरीच्या पोटाचा काय संबंध? उद्या म्हणशील, कावळा ओरडला म्हणून पाऊस पडला. हजारो बाळं उलटी होतात आणि हजारो सुलटी होतात. त्यांच्या घरी काय सगळीकडे टेबलं करतात?

घरी आल्यावर तिने खणाची फळी कापायला घेतली. थांबली असती तर ती घाबरली आहे हे तिला स्वतःला कळलं असतं.

५

खण चांगला झाला, एवढं तिच्या वैऱ्यानेही मान्य केलं असतं. चारी कोपरे एकमेकांत गुंतवलेले, तळाला पातळ फळी, पुढे लहानशी लाकडी मूठ. सरकवला की लोण्यासारखा आत. सरकवला आणि ती मागे झाली. मग रंधा पुसून ठेवायला वळली, परत वळली, तर खण बोटभर उघडा.

ढकलला. गेला. थोड्या वेळाने पुन्हा बोटभर.

जमीन उतरती असेल. तिने टेबलाखाली ताट ठेवून त्यात पाणी ओतून पाहिलं. जमीन सपाट होती. खण बाहेर काढला, आतून-बाहेरून घासला, मेण लावलं, आत सरकवला. बोटभर उघडा. आणि दर वेळी तो ढकलताना आधीपेक्षा जड लागत होता. आत काही नव्हतं, तळाची फळी दिसत होती. रिकामा खण, आणि हाताला वाटावं की तांदळाची पिशवी भरलीय.

मग आवाज यायला लागला. फार नाही. लास्मिनी घासत असायची आणि घासणं थांबवलं की मागे एखादा ठोका. मऊ. लाकडावर लाकडाचा नव्हे. तिने उंदीर शोधला, घूस शोधली, पार्मिनच्या नावाने बोटं मोडली.

"आई, हल्ली हे मध्येच शांत होतं," निंग्रुम म्हणाली. ती उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. "सकाळी केवढ्या लाथा. मग तासभर काहीच नाही. मग परत."

"झोपत असेल."

"हं."

तेवढ्यात मागे ठोका पडला. निंग्रुमने ऐकला नाही. लास्मिनीने ऐकला आणि लेकीच्या पोटाकडे पाहिलं. मग जे मनात आलं ते तिने टाळायचा प्रयत्न केला, पण ते जाईना. "इकडे ये," ती म्हणाली. "टेबल बघ तरी जवळून. तुझ्यासाठीच करतेय." निंग्रुमला स्टुलावर बसवलं, डावा हात तिच्या पोटावर ठेवला, लाडाने ठेवावा तसा, आणि उजवा टेबलावर.

पोटात लाथ बसली. खण गप्प. आणखी एक लाथ. खण गप्प. मग पोट शांत झालं, अगदी दगडासारखं, आणि उजव्या तळव्याखाली, लाकडाच्या आत, काहीतरी हळूच ढुशी मारून गेलं. एकदा. दोनदा. मग ते थांबलं आणि पोट पुन्हा हललं.

दोन्हीकडे एकदम कधीच नाही.

"आई, तुझं लक्ष कुठंय?"

"उपाशी आहे मी. चल आत, खायचं बघू."

त्या दिवशी दोघींनी लवकर जेवून घेतलं. दुपार कलली. निंग्रुम पडून होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिने आतून हाक मारली. आवाज अगदी साधा होता, आणि त्या साधेपणानेच लास्मिनी हातातलं टाकून आत धावली. मागच्या दोन्ही वेळा तिने अशीच हाक मारली होती.

"आई, जेवल्यापासून हललेलं नाही."

लास्मिनीने पार्मिनला फोन लावला. फर्निचर पोचवायची त्याची लहान गाडी होती. "भावोजी, गाडी घेऊन या. आत्ता. विचारू नका." मग ती निंग्रुमपाशी बसली, तिच्या कपाळावरचे केस मागे केले. "गाडी येतेय. एंडांगबाई आहेत. मी आहे."

"या वेळी तर मी काहीच आणलं नव्हतं गं," निंग्रुम म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

शेडीतून ठोके ऐकू येत होते. आता थांबत नव्हते.

६

लास्मिनी शेडीत गेली तेव्हा पश्चिमेकडच्या फटींमधून तांबूस उजेड आत आला होता. मशिदीच्या भोंग्यात कुणीतरी घसा साफ करत होतं. टेबल जागेवर होतं. खण चार बोटं उघडा होता.

तिने आत पाहिलं.

पायांचे दोन तळवे होते. इवलेसे, गुलाबी, ओले, सुरकुतलेले. टाचा खाली, बोटं वर. खणाच्या अंधारातून पुढे आलेले. मागे काय होतं ते दिसत नव्हतं आणि तिने बघितलंही नाही. एका तळव्याची बोटं पसरली आणि मिटली. खणाची मूठ हळूहळू तिच्याकडे यायला लागली. कुणी ओढत नव्हतं, आतूनच ढकललं जात होतं. बाळं अशीच येतात.

किंचाळायला हवं होतं. पळायला हवं होतं. त्याऐवजी लास्मिनीच्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख झाली: हे इथून बाहेर आलं, तर तिकडे निंग्रुमपाशी काय उरणार? आणि ते लख्ख झाल्याबरोबर तिला असा राग आला, असा राग आला, की भीतीला उभं राहायला जागाच उरली नाही.

"नाही," ती म्हणाली. "हे दार नाही तुझं."

खण दाणकन लावता येत नव्हता, पाय मध्ये होते. तिने तळहात त्या तळव्यांवर ठेवला. गरम होते. जिवंत होते, शपथ घेऊन सांगावं इतके जिवंत. ते तिच्या हाताला रेटत होते आणि ती त्यांना रेटत होती, अंडं धरावं तशी जपून, पण तसूभर मागे न सरता. गुडघे जमिनीला टेकवून तिने दुसऱ्या हाताने पकड ओढून घेतली. पुढचा उजवा पाय. खुंट्यांची टोकं अजून कापली नव्हती, सरस अजून लावला नव्हता. आळस केला म्हणून नव्हे, पण बरं झालं. पहिली खुंटी पकडीत धरून उपसली. निघाली. दुसरी हलेना.

घरातून निंग्रुमची हाक आली. "आई! आई गं!"

"येते पोरी! हात अडकलाय माझा!" घसा फाटेस्तोवर ती ओरडली. खोटं नव्हतं ते. आणि मग दात-ओठ खात त्या लाकडाला, "सोड. मेल्या, सोड. दोन नेलीस ना? दोन पचवलीस ना? ही नाही मिळायची. माझ्या हाताने केलंय तुला, माझ्या हाताने मोडीन." ती कुणाशी बोलत होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. ज्याच्याशी बोलत होती त्याला कळलं असावं, कारण तो पाय तिच्या हातात तापलेल्या तव्यासारखा झाला.

तिने पकड सोडली नाही. खुंटी निघाली. पायाला खांद्याचा धक्का दिला, तो खाचांमधून सुटला आणि जमिनीवर असा पडला, की आवाजावरून वाटावं अख्खा खांब पडला.

टेबलाचा कोपरा खचला. लास्मिनीने मांडी पुढे घातली आणि तो कोपरा मांडीवर झेलला. उजवं पाऊल जमिनीवर घट्ट रोवलं. डोकं वर, पाय खाली. आता चौथा पाय तीच होती.

"हे बघ, असं उभं राहतात," ती खणातल्या तळव्यांना म्हणाली. रडत होती, पण आवाज शाळेतल्या बाईंसारखा कडक. "आणि यायचं असतं ते डोक्यावर. फीर. फीर माझ्या राजा. आई तिकडे आहे तुझी."

भोंग्यावर बांग सुरू झाली. शेडीच्या दारात पार्मिन उभा होता. तो कधी आला ते तिला कळलं नाही. त्याने काय पाहिलं: भावजय गुडघ्यावर, तीन पायांचं टेबल तिच्या मांडीवर, हात खणात. मग त्याची नजर तिच्या हातापाशी गेली, खणाच्या त्या चार बोटांच्या फटीत, आणि तिथे थांबली. त्याने दाराची चौकट धरली.

"बघू नका," लास्मिनी म्हणाली. "पोरीला गाडीत बसवा. मी आलेच."

तो गेला. वाद घातला नाही, सल्ला दिला नाही.

तळहाताखालचे तळवे थांबले. एका क्षणाला ते इतके निश्चल झाले की लास्मिनीने बोटांनी त्यांची ऊब चाचपून पाहिली. मग एक टाच तिच्या हातावरून घसरत वळली. दुसरी वळली. आत अंधारात काहीतरी मोठं, गोल, सावकाश फिरलं, आणि तिच्या बोटांना शेवटचं जे लागलं ते एका पायाच्या अंगठ्याचं टोक. मग हाताखाली नुसती फळी.

खण पिसासारखा हलका झाला होता. तिने तो लावला. तो लागलेला राहिला.

अंगणातून पार्मिन ओरडला, "वहिनी! चला! ही म्हणतेय, पोटात कोलांटी मारल्यासारखं झालं! पाणी गेलंय तिचं!"

७

एंडांगबाईंनी पोट चाचपलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "डोकं खाली आहे," त्या म्हणाल्या. "केव्हा फिरलं हे?" उत्तराला थांबायला त्यांना वेळच नव्हता.

लास्मिनी आणि पार्मिन बाहेर बाकावर बसले. लास्मिनीच्या उजव्या मांडीवर टेबलाच्या कोपऱ्याचा वळ उठला होता आणि तळहात भाजल्यासारखा लाल होता. पार्मिन जमिनीकडे बघत होता.

"भावोजी, उद्या फणसाचं लाकूड आणा. जरासं. एका पायापुरतं."

"अजून करणार तुम्ही ते?"

"मग काय तीन पायांवर ठेवू?"

"रंग वेगळा दिसेल," पार्मिन म्हणाला. मग म्हणाला, "आणि तो जुना?"

"पडलाय शेडीत."

"मी उचलणार नाही हं."

"तुम्हाला सांगितलंय कोणी? मी बघते त्याच्याकडे." ती म्हणाली ते अशा सुरात, की पार्मिनला त्या लाकडाची थोडी दयाच आली असेल.

आत रडण्याचा आवाज आला. एक बाईचा, आणि त्याच्यावर चढलेला, चिडलेला, बारीक, दुसरा. पार्मिन उठून उभा राहिला आणि कुठे जावं ते न कळून परत बसला. लास्मिनी आत गेली. निंग्रुम घामाने निथळत होती आणि तिचे हात हवेत पसरलेले होते, द्या, द्या म्हणत. एंडांगबाईंनी नुकतीच नाळ कापून मुलीला पंच्यात घेतलं होतं. अजून त्यांच्याखेरीज कुणाचा हात तिला लागला नव्हता. डोकं पुसलं, पाठ पुसली, पाय पुसताना त्या थांबल्या. दिव्याखाली धरून बघितलं.

"हे काय बाई?" त्या म्हणाल्या. "बोटांच्या बेचक्यात भुसा?"

दोन्ही पायांच्या बोटांमध्ये तो होता. बारीक, मधाच्या रंगाचा, ओला. पॉलिशपेपरखालून निघतो तसा. निंग्रुमने आईकडे पाहिलं. दारात आलेला पार्मिन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

लास्मिनीने पुढे होऊन पंच्यासकट मुलीला हातात घेतलं. "सुतारणीची नात आहे," ती म्हणाली. "भुसा नसेल तर काय असेल?"

आणि तिने आपला लाल तळहात त्या दोन तळव्यांवर ठेवला. मुलीने लगेच रेटा दिला. तो जोर ओळखीचा होता.

"ढकल," लास्मिनी तिला म्हणाली. "आता हवं तेवढं ढकल."